वार, तिथी आणि ऊन : सुट्टीतल्या सहलीत या चुका टाळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की घरोघरी तेच बेत शिजतात: एकदा लेणी, एकदा समुद्र, जमलं तर जंगल. गाडी, खोली, खाऊ यांची तयारी चोख असते. राहून जातं ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघणं. पोरांचा विरस करणाऱ्या बहुतेक चुका तिथेच टळू शकतात.

वार न पाहता निघणं

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला पोचून सोमवारी सकाळी अजिंठ्याकडे निघालेलं कुटुंब सुमारे 100 किलोमीटर जाऊन बंद फाटक बघून परत येतं. हेच दोन दिवस उलटे लावले की काम होतं: सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. घारापुरीही सोमवारी बंद असते. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणून आतली कान्हेरी लेणीही बंद. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात मंगळवारी सफारी नसते.

चुकून बंद वारी संभाजीनगरात अडकलात, तर दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा हाताशी आहेत. किल्ला मात्र सकाळीच चढा. वरच्या अंधारी वाटेसाठी प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक बॅटरी हवी, कारण एक हात मुलाच्या हातात गुंतलेला असतो.

अजिंठ्यात क्रमांक एकपासून सुरुवात करून तिथेच अडकणं

आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावं लागतं. गाडीत राहिलेली पाण्याची बाटली किंवा टोपी आणायला परत येणं म्हणजे तासाची खोटी. माणशी किमान एक लिटर पाणी, टोप्या आणि जाड सुती मोजे फाट्यावरच पिशवीत घ्या. मोजे कशाला? चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात आणि दुपारी बाहेरचा दगड लहान पावलांना सोसत नाही.

लेणी 9 वाजता उघडतात. पहिल्या दोन लेण्यांत चित्रं असल्यामुळे सगळी गर्दी आधी तिथेच थांबते. रांग मोठी दिसली तर सरळ 16 आणि 17 क्रमांकांकडे जा, मग 19, मग टोकाचं 26, आणि परतताना 1 आणि 2. सगळी 30 लेणी दाखवायचा हट्ट धरू नका. सहा लेणी नीट पाहिलेलं मूल पुढच्या वर्षी पुन्हा चला म्हणतं.

आत शिरल्यावर ‘काहीच दिसत नाही’ म्हणून मिनिटभरात बाहेर पडणं ही सर्वांत मोठी चूक. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला पाच मिनिटं तरी लागतात. तेवढा वेळ मुलांना भिंतीपासून दूर बसवा आणि एक गोष्ट सांगा. 17 क्रमांकाच्या लेण्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा रंगवलेली आहे; आधी गोष्ट ऐकली की मुलं हत्ती स्वतःच शोधून काढतात. 26 क्रमांकात पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या खाली बसलेले शोकाकुल शिष्य दाखवा.

चित्राला हात लावू नये, हे दटावून सांगण्यापेक्षा कारण सांगितलं तर टिकतं. खडकावर माती, तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून लिंपलेला गिलावा आहे, त्यावर पातळ लेप आणि त्यावर कोरडा रंग. घामेजल्या बोटाने त्याचे पापुद्रे सुटतात. मोबाइलचा फ्लॅश बसमध्येच बंद करून ठेवा; आत गेल्यावर तो हटकून राहून जातो.

कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर, आरडाओरडा आणि धूर टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. मुलाचं डोकं-तोंड ओढणीने झाका आणि पोळ्यापासून लांब, लेण्याच्या आत किंवा बसमध्ये जा. रुतलेला काटा नखाने खरवडून लगेच काढा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठा.

वेरूळचा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे कैलास लेण्यावर ऊन दुपारनंतर येतं. दिवाळीत तीननंतर जाल तर कोरीवकाम उजळलेलं दिसतं. मे महिन्यात मात्र उजेडाचा मोह सोडा आणि सकाळी, कड्याची सावली असताना जा. 1 ते 34 असं ओळीने चालू नका. आधी 16 नंबरचा कैलास, मग 10 नंबर, जिथे दगडात लाकडी वाशांसारखं छत कोरलंय, म्हणूनच त्याला ‘सुतार लेणं’ म्हणतात. 30 ते 34 ही जैन लेणी लांब आहेत. तिथे वाहनानेच जा.

तिथी न पाहता समुद्रावर जाणं

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला 4 गुणिले पाऊण, म्हणजे 3 वाजता पूर्ण भरती. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेनऊ-नऊ आणि रात्री सव्वानऊ. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही 15 धरायच्या. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर एखाद्या कोळ्याला विचारून खात्री करा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं आणि नेमके तिथेच लोक फसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. ओहोटी येते, पण पाणी पुरतं ओसरत नाही. उधाणाची ओहोटी खोल जाते, मात्र ऐन पौर्णिमेला ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते आणि परतेपर्यंत अंधारतं. मुलांना घेऊन जायला द्वितीया ते पंचमी हे दिवस सोयीचे: पाणी चांगलं ओसरतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान सापडते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ती झाल्यावर अर्ध्या तासात परतीला लागा. उशीर झालाच तर ‘गुडघाभरच आहे’ म्हणून मुलाला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरू नका. वाळूतली घळ आधी भरते आणि ती वरून दिसत नाही. किल्ल्यातच थांबून होडीची सोय बघा किंवा पुढची ओहोटी येऊ द्या.

गाडी पुळणीवर नेऊच नका. ओली वाळू कडक वाटते, पण गाडी थांबली की चाकं बसतात आणि भरती कुणासाठी थांबत नाही. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, त्याने चाक आणखी खाली जातं. आधी मुलं आणि सामान उतरवा, चाकांतली हवा कमी करा, चाकापुढची वाळू उकरून फळ्या किंवा झावळ्या घाला. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर लगेच ट्रॅक्टर बोलवा.

पाण्यात मुलाने त्याच्या स्वतःच्या गुडघ्यापलीकडे जायचं नाही आणि मोठ्या माणसाने समुद्राच्या बाजूला उभं राहायचं. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गडद दिसला, तर तिथे पाणी बाहेर ओढलं जातंय असं समजा. नवखी माणसं तीच जागा बरी म्हणून निवडतात. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ सुटली की आत या. हवेचा टायर मुलाला देऊ नका. वारा जमिनीकडून असेल तर तो बघता बघता लांब जातो.

होडीत लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून भागत नाही. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली. अपघात शांत समुद्रातही होतो. मुलाच्या मापाचं जॅकेट मागा, सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, बदलून घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात मालवण-तारकर्लीकडचे जलक्रीडा प्रकार पावसाळ्यासाठी बंद होतात, म्हणून त्या भागाचा बेत 20 मेच्या आत बसवा.

जंगलात

ताडोब्याला जाताना आधी खोली आणि मग सफारी असा उलटा क्रम लावू नका. मोहर्लीला मुक्काम आणि कोलारा फाटकाचं आरक्षण असेल तर जंगलाला वळसा घालून पहाटे दोनेक तास गाडीत जातात. आधी फाटक ठरवा. आरक्षणात दिलेलंच मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं हवं. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोटोसाठी साधा कॅमेरा घ्या. दिवाळीनंतर उघड्या जिप्सीत पहाटे बोचरी थंडी असते. स्वेटरवर कानटोपीही हवी. मुलांना निघण्याआधी शौचाला नेऊन आणा, वाटेत खाली उतरता येत नाही. वाघाचं वचन देऊ नका. सांबराचं ओरडणं, झाडावरचे नखांचे ओरखडे, रानकुत्र्यांचे ठसे असं पाहायला सांगितलेलं मूल सफारीभर जागं राहतं.

उन्हात ओआरएस चुकीचं कालवणं

मोठं, साधारण 21 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर मीठ जास्त होतं आणि मुलाला अपाय होतो. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मुलाचं अंग तापलंय आणि ते असंबद्ध बोलतंय किंवा झापड आलीय, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि त्याच वेळी 108 ला फोन लावा.