हायपरसॉनिकमध्ये यायचंय? मग आधी हीट फ्लक्सकडे बघा

16 नोव्हेंबर 2024 ला डीआरडीओने अब्दुल कलाम बेटावरून 1500 किमीहून जास्त पल्ल्याच्या हायपरसॉनिक मिसाइलची टेस्ट घेतली, आणि तेव्हापासून मुंबईतल्या ज्युनिअर्सचे मेसेज सुरूच आहेत, की ताई मेकॅनिकलला आहे, या फील्डमध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू. मॅक 5 (आवाजाच्या पाचपट वेग), ग्लाइड व्हेइकल (इंजिनाशिवाय घसरत जाणारं यान), स्क्रॅमजेट (आत शिरणाऱ्या सुपरसॉनिक हवेतच इंधन जाळणारं इंजिन) एवढं माहीत आहे असं धरूनच लिहितेय.

बहुतेक जण सीएफडीने (कॉम्प्युटरवर हवेच्या प्रवाहाचं गणित) सुरुवात करतात, कारण लॅपटॉपवर भागतं. रंगीत काँटूर येतात, शॉक (यानापुढे तयार होणारी दाबाची लाट) जागेवर दिसतो, दाब प्रयोगाच्या आकड्यांशी जुळतो, आणि वाटतं झालं काम. मी नेमकी इथेच अडकले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाउंडरी लेयरच्या (भिंतीलगतच्या हवेच्या पातळ थराच्या) जाडीत दाब जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे मेश (गणितासाठी हवेच्या जागेचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे सेल) कशीही असली तरी तो बरोबर येतो. हीट फ्लक्स, म्हणजे भिंतीत शिरणाऱ्या उष्णतेचा दर, मात्र भिंतीला अगदी चिकटून तापमान किती झपाट्याने बदलतंय त्यावरून निघतो, म्हणजे पहिल्या सेलची उंची बदलली की आकडा बदलला. आणि मिसाइलचं नाक टिकणार की वितळणार हे हाच आकडा सांगतो. त्यात परत गॅमा (हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) सरसकट 1.4 धरलेला. 30 किमी उंचीवर मॅक 6 ला या गॅमाने स्टॅग्नेशन तापमान (हवा पूर्ण थांबते तिथलं) साधारण 1850 केल्विन येतं, रेणूंची व्हायब्रेशनल एनर्जी धरली की तेच 1700 च्या आसपास उतरतं. दीडशे केल्विनचा फरक, आणि काँटूर दोन्हीकडे तितकेच सुंदर! म्हणून मेश बारीक करत जा, हीट फ्लक्स हलायचा थांबेपर्यंत, आणि गोल नाकावरच्या हीट फ्लक्ससाठी फे-रिडेलचं 1958 चं सूत्र वापरून हाताने आकडा काढून ताडून बघा. दाब जुळला एवढ्यावर रिपोर्ट लिहू नका. प्लीज.

व्हिडिओ बघून सॉफ्टवेअरची बटणं शिकता येतात, हे गणित येत नाही. एका वीकेंडमध्ये हायपरसॉनिक शिकवतो म्हणणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका. गाइड निवडताना माझं मत एकदम पक्कं आहे: ज्याने शॉक टनेलमध्ये (क्षणभर हायपरसॉनिक झोत सोडणारं प्रयोगयंत्र) स्वतः मोजमाप केलंय तो घ्या, पेपर कमी असले तरी चालेल. तिथे टेस्ट काही मिलिसेकंदांत संपते, त्यामुळे असा माणूस कुठल्याही आकड्यावर पटकन विश्वास ठेवत नाही. पवईची आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, कानपूरची आयआयटी, तिघांचीही एरोस्पेसची पानं नीट वाचा, कोण प्रयोग करतं ते कळतं.

घाबरू नका मात्र. एरोस्पेसची डिग्री नाही म्हणून दार बंद होत नाही, डीआरडीओ सायंटिस्ट बी (सुरुवातीचं शास्त्रज्ञाचं पद) साठी मेकॅनिकलचा गेट परीक्षेचा स्कोअरही घेते. आणि काम फक्त एअरफ्लोचं नाहीये. 2016 मध्ये इस्रोचं स्क्रॅमजेट 5 सेकंद चाललं, 2020 मध्ये एचएसटीडीव्हीचं (डीआरडीओचं हायपरसॉनिक चाचणी यान) 20 सेकंदांपेक्षा जास्त, आणि एप्रिल 2025 मध्ये डीआरडीओने हैदराबादला जमिनीवर छोट्या आकाराचा स्क्रॅमजेट कम्बस्टर (इंधन जळतं तो कक्ष) 1000 सेकंदांच्या वर चालवला. एवढा वेळ तो टिकवायचा तर उष्णता शोषणारं इंधन लागतं, सिरॅमिक कोटिंग लागतं, म्हणजे केमिकल आणि मेटलर्जीवाल्यांनाही भरपूर जागा आहे. डिफेन्समध्ये गेलात तर बरंचसं काम कुठे छापता येणार नाही, घरीसुद्धा सांगता येणार नाही, ते आधीच मनाशी ठरवून घ्या. गेटचे फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटाला सुटतात, तोवर हीट ट्रान्सफर आणि गॅस डायनॅमिक्स पक्कं करून ठेवा.