विमानाच्या नकाशातली राखाडी सीट बघून घाई करू नका : लांबच्या प्रवासातल्या काही नेहमीच्या चुका

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी येणाऱ्यांची आणि चवथ आटोपून परत जाणाऱ्यांची तिकिटं काढायचे दिवस आले, की व्हॉट्सॲपवर एकाच जातीचा फोटो फिरू लागतो. विमानातल्या सीटांचा नकाशा, त्यातले निम्मे चौकोन राखाडी, काहींवर फुली, आणि खाली प्रश्न : ‘सगळं फुल्ल दाखवतंय, मिळेल ती घेऊन टाकू का?’ प्रवास तीन महिन्यांनंतरचा असतो. दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर मधली सीट पैसे मोजून घेतलेली असते आणि मग ‘आता बदलता येईल का’ हा दुसरा प्रश्न येतो.

तो नकाशा एवढंच सांगतो, की या घडीला, या तिकिटावर, तुम्हाला कोणत्या सीटा मिळू शकतात. उरलेल्या विकल्या गेल्या की कुणासाठी राखून ठेवल्यात, याबद्दल तो गप्प असतो. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर दोन्हींना एकच रंग. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

राखाडी म्हणजे ‘गेली’ समजणं

लांब पल्ल्याच्या विमानात कोणत्या सीटा राखलेल्या असतात, ते ओळींवरूनच बऱ्यापैकी कळतं. इकॉनॉमीची पहिली ओळ, जिच्यासमोर भिंत असते, ती बाळांच्या पाळण्यासाठी. पुढच्या दोन-चार ओळी वारंवार प्रवास करणाऱ्या वरच्या दर्जाच्या सभासदांसाठी आणि महागड्या भाड्याच्या तिकिटांसाठी. आईलकडच्या, म्हणजे मधल्या वाटेकडेच्या, काही सीटांचा बाहेरचा हात वर उचलता येतो. व्हीलचेअरवरून सीटवर सरकणाऱ्या प्रवाशाला तो लागतो, म्हणून त्या वेगळ्या काढलेल्या. शेवटच्या ओळी बहुधा ‘एअरपोर्ट कंट्रोल’मध्ये, म्हणजे त्यांची चावी विमानतळावरच्या माणसांकडे. ताटातूट झालेली कुटुंबं एकत्र बसवणं, ऐनवेळी आलेला आजारी प्रवासी, दुसऱ्या विमानातून वळवलेली माणसं, हे सगळं त्या ओळींवर निभावतं. टूर कंपनीने गट बुक केला असेल तर सलग वीस-तीस सीटा एकदम बंद दिसतात आणि नावं आली की त्यातल्या काही परत उघडतात.

दोन प्रकार मात्र कधीच उघडत नाहीत, त्यांच्यामागे वेळ घालवू नये. एक, क्रूच्या विश्रांतीच्या सीटा. काही विमानांत क्रूला झोपायला वेगळे बंक नसतात किंवा पुरत नाहीत, तेव्हा केबिनमधल्याच काही सीटा पडदा लावून त्यांना दिलेल्या असतात. दुसरा प्रकार मोडक्या सीटचा. पाठ सरळ लॉक होत नसेल किंवा पट्टा धड नसेल तर त्या सीटवर कुणाला बसवून उड्डाण करता येत नाही. ‘रिकामी आहे ना, मग का देत नाही’ म्हणून काउंटरवर हुज्जत घालणारे सहसा याच सीटसाठी घालतात.

मग शोधायचं कसं? पणजी-म्हापशातल्या तिकीट एजंटाकडे ॲमेडिअस किंवा गॅलिलिओसारखी आरक्षणाची प्रणाली असते. त्याच्या पडद्यावर विकलेल्या सीटेची खूण वेगळी आणि ब्लॉक केलेल्या सीटेची वेगळी. त्याला ‘सीट आहे का?’ असं विचारलं तर तो ‘नाही’ म्हणणार. ‘विकलेली आहे की ब्लॉक आहे?’ असं विचारा, त्याला बघावंच लागतं. एक्सपर्टफ्लायर ही सेवाही हा फरक दाखवते आणि ठरावीक सीट मोकळी झाली की कळवते.

आणि नकाशा तीनदा बघायचा : तिकीट काढताना, चेक-इन उघडतं त्या मिनिटाला, आणि काउंटरवर. सीटा बहुतेक या तीन टप्प्यांवर सुटतात. मधल्या काळात रोज रात्री जेवल्यावर उघडून बघणाऱ्यांना सहसा काही मिळत नाही, झोप मात्र जाते.

बाळ बरोबर असताना आधी सीट विकत घेणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते आणि दर मोसमात होते.

डिचोलीच्या एका कुटुंबाचं प्रकरण घ्या. नवरा स्विंडनला कामाला. बायको सात महिन्यांचं बाळ घेऊन सासूबाईंसोबत गोव्यातल्या मोपा विमानतळावरून आखातमार्गे लंडनला निघालेली. तिकीट काढलं भाच्याने, लॅपटॉपवर. बाळाचा पासपोर्ट यायचा होता, म्हणून त्याने दोन मोठ्यांचंच तिकीट काढलं. बाळाला मागाहून जोडू म्हणाला. नकाशात पहिली ओळ राखाडी. ‘गेली वाटतं’ म्हणून त्याने लांबच्या टप्प्यावर पाय पसरायला भरपूर जागा असलेल्या दोन सीटा पैसे भरून घेतल्या. त्या होत्या आपत्कालीन दाराजवळच्या. प्रणालीने काहीच हरकत घेतली नाही, कारण तिच्या लेखी ती दोन धडधाकट माणसं होती.

पुढे पासपोर्ट आला, बाळ फोनवरून जोडलं गेलं. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअरही मागितली. सीटांकडे परत कुणी पाहिलं नाही. मोपाच्या काउंटरवर कळलं, की बाळ घेतलेली बाई दाराजवळच्या ओळीत बसू शकत नाही आणि व्हीलचेअर मागितलेली व्यक्तीही नाही. त्या ओळीतल्या माणसाला प्रसंगी दार उघडून बाहेर पडायला मदत करता यायला हवी. दोन्ही सीटा गेल्या. तोवर पाळण्याच्या जागा दुसऱ्या दोन कुटुंबांना दिलेल्या. आईला मागची मधली सीट, सासूबाई दहा ओळी पुढे, आणि बाळ सात तास मांडीवर. भाचा फोनवरून ‘पण पैसे भरलेत ना!’ म्हणत राहिला. बऱ्याच कंपन्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, की या ओळीसाठी अपात्र ठरलात तर पैसे परत मागता येत नाहीत.

आता दुरुस्ती. बाळाचा पासपोर्ट हातात नसला तरी नाव आणि जन्मतारीख घालून त्याला पहिल्याच दिवशी तिकिटात घेता येतं. पासपोर्ट क्रमांक नंतर भरतात. नाव तेवढं पासपोर्टवर येणार आहे त्याच स्पेलिंगचं हवं. बाळ तिकिटावर चढलं की सीटांना हात न लावता एजंटाला किंवा कंपनीला फोन करून पाळणा मागा. त्यांच्या भाषेत ‘बीएससीटी’. मागणी नोंदली आणि मागणी मान्य झाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीपुढे ‘एचके’ दिसलं तर मान्य. ‘एनएन’ म्हणजे नुसती विनंती गेलीय, उत्तर यायचंय. एजंटाला ही दोन अक्षरंच विचारा. ‘झालं, झालं’ हे उत्तर धरू नका.

बाळाचं वजनही आधी करा. बऱ्याच कंपन्यांच्या पाळण्याची मर्यादा दहा-अकरा किलोच्या आसपास असते, शिवाय लांबीची मर्यादा असते. गुटगुटीत वर्षाच्या मुलासाठी पाळण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

याच संदर्भात एक गंमत पुष्कळांना चक्रावते. आईच्या तिकिटावर जी सीट बंद दिसते, तीच आजीच्या वेगळ्या तिकिटावर उघडी दिसते. कारण डोक्यावरच्या ऑक्सिजन मास्कमध्ये आहे. तीन सीटांच्या गटावर साधारण चारच मास्क असतात, म्हणजे जादा एकच. त्या गटात एक मांडीवरचं बाळ आलं, की दुसऱ्या बाळासाठी तो गट बंद होतो. दोन बहिणी आपापली तान्ही घेऊन शेजारी-शेजारी बसू म्हणतात, ते याचमुळे जमत नाही. एकीने आईलपलीकडची सीट घ्यावी.

थोडी मोठी मुलं असतील तर २०२४च्या एप्रिलमधली डीजीसीएची, म्हणजे भारताच्या विमानवाहतूक नियामकाची, सूचना लक्षात ठेवा : बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवरच्या (म्हणजे त्याच बुकिंग क्रमांकावरच्या) किमान एका पालकाशेजारी सीट द्यायची. ‘त्याच पीएनआरवर’ हे शब्द महत्त्वाचे. स्वस्त पडतं म्हणून मुलांची तिकिटं वेगळी काढणारे इथे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात.

नकाशावरून गर्दीचा अंदाज बांधणं

‘अर्धं विमान रिकामं आहे, आरामात आडवे होऊन जाऊ.’ असं म्हणणारा माणूस विमानात मधल्या सीटवर दोन धिप्पाड सहप्रवाशांमध्ये सापडतो. ज्यांनी सीट निवडलेली नाही, त्यांचं तिकीट असलं तरी नकाशात ते कुठेच दिसत नाहीत. सीट निवडायला पैसे पडू लागल्यापासून असे लोक पुष्कळ. कंपनी त्यांना शेवटच्या दिवशी आपोआप सीटा देते आणि नकाशा एका रात्रीत भरतो. उलटही खरं : भरगच्च दिसणाऱ्या नकाशातल्या पंधरा-वीस सीटा नुसत्या ब्लॉक असतात.

काही हुशार लोक एजंटाच्या पडद्यावरचे ‘वाय९ बी९ एम४’ असे आकडे वाचतात आणि बेरीज करतात. अक्षर म्हणजे भाड्याचा वर्ग. हे आकडे त्या त्या भाड्याची अजून किती तिकिटं विकायला कंपनी तयार आहे ते सांगतात, आणि नऊच्या वर दाखवतच नाहीत. नव्वद तिकिटं शिल्लक असली तरी नऊच. वर ते एकमेकांत मिसळलेले असतात, एकच सीट अनेक भाड्यांत मोजलेली असते, म्हणून बेरीज तर मुळीच करायची नाही.

याच अंदाजावर ती प्रसिद्ध युक्ती चालते : दोघांनी खिडकी आणि आईल घ्यायची, मधली रिकामी राहील म्हणून. मागच्या ओळींत, ऑफ-सीझनला, कधीकधी जमते. डिसेंबरात करू नका. करायचीच तर मधे येणाऱ्या माणसाला दोघांपैकी एकाने आपली सीट देण्याची तयारी ठेवा. त्याच्या डोक्यावरून सात तास डबे देणं-घेणं बरं नव्हे. परत मिळणाऱ्या पैशांचं खोटं तिकीट काढून शेजारची सीट अडवायची आणि उड्डाणाआधी रद्द करायची, हा सल्ला इंटरनेटवर कुणी दिला तर त्याला नमस्कार करा. कंपन्या अशी बुकिंग शोधून काढतात आणि मग खरं तिकीटही अडचणीत येतं.

घड्याळ चुकणं

चेक-इन काही कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं, काहींचं २४. ते तास विमान जिथून सुटतं तिथल्या घड्याळाने मोजतात. मुलगा लंडनहून येणार आणि त्याची सीट घरून वडील धरणार, असं गोव्यात सर्रास चालतं. समजा गॅटविकहून विमान रात्री आठला सुटतंय आणि चेक-इन २४ तास आधीचं आहे. हिवाळ्यात ते आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता उघडेल. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेबाराला. वडील सकाळी चहा घेऊन बसतात तोवर सुटलेल्या सीटा संपलेल्या.

मधे विमान बदलायचं असेल आणि सगळं एकाच तिकिटावर असेल, तर पुष्कळदा दुसऱ्या टप्प्याचं चेक-इनही पहिल्याबरोबरच उघडतं. सात तासांचा टप्पा तो असतो. सीट आधी त्याची धरा, साडेतीन-चार तासांच्या पहिल्या टप्प्याची नंतर.

दोन कंपन्यांचं कोडशेअर असेल, म्हणजे तिकीट एकीने विकलेलं आणि विमान दुसरीचं, तर पीएनआरही दोन असतात. तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर नकाशाच उघडत नाही किंवा सगळाच राखाडी दिसतो. विमान उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर एजंटाकडून मागून घ्या आणि त्यांच्या साइटवर जा. तारवटींनी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांनी, हे खास लक्षात ठेवावं. मरीन भाड्याची, म्हणजे खलाशांसाठीच्या खास भाड्याची, तिकिटं जहाजावर माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग एजंटाकडून येतात, हातात बहुधा एकच पीएनआर पडतो, आणि सीट मिळत नाही म्हणून बोल तिकिटाला लावला जातो.

किरकोळ, पण वारंवार

वेळापत्रक बदलल्याचा मेल आला की सीट परत तपासा. एका ओळीत तीन-तीन-तीन सीटा असलेल्या बोइंग ड्रीमलायनरऐवजी तीन-चार-तीनचं बोइंग ७७७ लागलं, तर काही कंपन्यांत आईलची ‘एफ’ नव्या विमानात मधली होते. आणि नंबर तोच असल्यामुळे कुणालाच कळत नाही. (‘आय’ अक्षराची सीट शोधू नका; एकच्या आकड्यासारखी दिसते म्हणून ती नसते.)

सीटगुरू या साइटच्या जुन्या नकाशांवर विसंबू नका. एरोलोपा या साइटवरचे नकाशे मापात काढलेले असतात. खिडकीच्या सीटेला खिडकीच नाही, हे तिथे आधी कळतं.

पैसे भरून घेतलेल्या सीटेची पावती, म्हणजे ईएमडीचा तेरा आकडी क्रमांक, जपून ठेवा. कंपनीने आपणहून तुमची सीट हलवली तर परतावा त्यावरच मागायचा असतो. तिकिटाच्या क्रमांकावर नाही.

दारं बंद झाल्याबरोबर रिकाम्या ओळीकडे धावू नका. विमानाचा तोल केबिनच्या कोणत्या भागात किती माणसं आहेत त्यावर मांडलेला असतो आणि कधीकधी मागची ओळ त्याच कारणाने रिकामी ठेवलेली असते. पट्ट्याचा दिवा विझू द्या, मग विचारा.

काउंटरवर ‘चांगली सीट द्या’ म्हणू नका, त्याचा अर्थ समोरच्याला लागत नाही. ‘शेवटच्या ओळी एअरपोर्ट कंट्रोलमधून सोडल्यात का? आईल हवी, दोघं एकत्र,’ असं सांगा. यासाठी काउंटर उघडतानाच पोहोचलेलं बरं. मडगाव-काणकोणहून येणाऱ्यांनी धारगळच्या जोडरस्त्याआधीच्या महामार्गावरचा खोळंबा धरून निघावं.

आणि बोर्डिंग पासवर सीटेच्या जागी आकडा नसून ‘गेट’ असं काही छापलं असेल, तर तिथेच रडारड नको. बहुधा तुमची सीट त्या राखलेल्यांपैकीच एक असते आणि गेटवर मिळते. अशा दिवशी ड्युटी-फ्रीत रेंगाळू नका, गेट उघडल्याबरोबर तिथल्या माणसासमोर पास ठेवा आणि नाव पुकारलेलं ऐकू येईल इतक्या अंतरावर बसा.