७११ रिले ऑपरेटरची नोकरी: नव्याने येणाऱ्यांसाठी

एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या एच-१बी मुळे मिळणाऱ्या) अमेरिकेत आलेल्या आणि नुकतंच ईएडी म्हणजे कामाची परवानगी मिळालेल्या बऱ्याच जणी विचारतात की रिले ऑपरेटरचं काम नक्की काय असतं आणि आपल्याला जमेल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी टेक्स्ट रिले, स्पीच-टू-स्पीच आणि नंतर कॅप्शनिंग केलंय. व्हिडिओ रिले, म्हणजे व्हिडिओवर खुणांच्या भाषेतून चालणारं काम, नाही केलं, त्याला अमेरिकन साइन लँग्वेज पक्की लागते आणि ती क्रॅश कोर्स करून येत नाही, वर्षं जातात.

काम सांगायला सोपंय. ऐकू न येणारा माणूस टीटीवायवरून (फोन लाइनवर टाइप करायचं यंत्र) किंवा इंटरनेटवरून टाइप करतो, आपण ते समोरच्याला फोनवर वाचून दाखवायचं, समोरचा बोलेल ते टाइप करायचं. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळे ही सोय देणं फोन कंपन्यांवर बंधनकारक झालं, १९९३ पासून देशभर चालू आहे, आणि २००१ पासून कुठूनही ७११ फिरवलं की रिले लागतो. वापरणाऱ्याला जास्तीचे पैसे पडत नाहीत. नियम एफसीसीचे, म्हणजे फोन-रेडिओवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे आहेत आणि ट्रेनिंगमधे टाइपिंगपेक्षा तेच जास्त घोटून घेतात.

टाइपिंगचा स्पीड मिनिटाला किमान ६० शब्द हवा, तोही ऐकून टाइप करण्याचा, कागद बघून नाही. त्यामुळे टायपिंग क्लासची सर्टिफिकेटं विसरा, रेडिओवरच्या बातम्या लावा आणि त्या ऐकत टाइप करत बसा, त्यातही औषधांची नावं, रस्त्यांची नावं, आडनावं यांच्यावर जोर द्या कारण बोटं तिथेच अडतात. टीटीवायवर अक्षर दाबलं की ते लगेच पलीकडे जातं, त्यामुळे चुकलं तर दोन-चार एक्स मारायचे आणि पुढे जायचं. आपलं बोलणं संपलं की 'जीए' म्हणजे गो अहेड, कॉल संपवायचा असेल तर 'एसके'.

आता खरी अवघड गोष्ट. या कॉलमधे तुम्ही नसताच. ऐकू न येणाऱ्याने 'माझी दाढ दुखतेय' असं टाइप केलं तर तुम्ही फोनवर 'माझी दाढ दुखतेय' असंच म्हणायचं, 'ते म्हणतायत की त्यांची दाढ दुखतेय' असं नाही. शिव्या आल्या तर शिव्या वाचायच्या, नवराबायकोचं भांडण असेल तर दोन्ही बाजू जशाच्या तशा पोचवायच्या. मागे कुत्रा भुंकला, समोरची बाई हसली, कुणी दार आपटलं, तेही टाइप करायचं, कारण ऐकू येणाऱ्याला फोनवर जे जे कळतं ते सगळं कळण्याचा हक्क या माणसालाही आहे. आणि मधे बोलायचं नाही! आपल्याकडे रस्त्यात दोघं पत्ता विचारत उभे असले तर तिसरा न विचारता थांबून सांगतो, ही सवय इथे सगळ्यात आधी मोडावी लागते. कस्टमर सर्व्हिसवाला चुकीचं सांगतोय हे तुम्हाला कळतंय, तरी गप्प. लोकांना मदत करायची म्हणून ही नोकरी धरलेल्या मुली इथेच वैतागतात, माझ्या मते मदतीची हौस जितकी कमी तितका ऑपरेटर चांगला.

फोन आपटले जाण्याची तयारी ठेवा. 'रिले सर्व्हिसमधून कॉल आहे' एवढं म्हणेपर्यंत लोकांना वाटतं टेलिमार्केटिंगवाला आहे, किंवा बँकेतला माणूस म्हणतो लाइनवर तिसरं कुणी चालणार नाही. तुम्हाला कितीही चीड आली तरी त्याला समजवायला जायचं नाही, 'फोन ठेवला' असं टाइप करायचं आणि परत लावू का विचारायचं. कॉलचं काही जपून ठेवता येत नाही आणि घरी सांगता तर अजिबात येत नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, अगदी हसून पोट दुखलं असेल तरी. कॉल कितीही जड असला तरी किमान १० मिनिटं तो दुसऱ्याकडे देता येत नाही. स्पीच-टू-स्पीचला हीच मर्यादा २० मिनिटं आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण एखाद्याचं बोलणं कानात बसायलाच वेळ लागतो.

स्पीच-टू-स्पीच मला सगळ्यात आवडलं. सेरेब्रल पाल्सी असलेले, स्ट्रोक येऊन गेलेले, घशाचं ऑपरेशन झालेले लोक स्वतःच्या आवाजात बोलतात, आपण फक्त समोरच्याला नीट कळेल असं ते परत म्हणायचं. टाइपिंग नाही, पण सबुरी लागते. वाक्य अर्ध्यावर असताना ते पूर्ण करायचा मोह होतो, करू नका. नाही कळलं तर सरळ परत विचारा, अंदाजाने रेटू नका, लोकांना परत सांगायला लागल्याचा राग येत नाही, कळल्याचं नाटक केल्याचा येतो.

कॅप्शनिंगमधे टाइप करायचं नसतं, समोरचा बोलतो ते आपण मशीनला परत बोलून दाखवायचं आणि अक्षरं कमी ऐकू येणाऱ्याच्या स्क्रीनवर उमटतात. सॉफ्टवेअर तुमच्या आवाजावर शिकवलेलं असतं त्यामुळे मराठी ॲक्सेंटचं फार टेन्शन नको, फक्त व्ही आणि डब्ल्यू वेगळे काढायला शिका, आपण दोन्हीला 'व'च म्हणतो. पण खरं सांगायचं तर २०१८ मधे एफसीसीने माणसाशिवाय पूर्ण ऑटोमॅटिक कॅप्शनला परवानगी दिली, तेव्हा फक्त याच कामाच्या भरवशावर आता कुणी करिअर आखू नये.

अजून भारतातच असाल आणि या क्षेत्रात यायचं असेल तर इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटेशनचा डिप्लोमा बघा, बारावीनंतर करता येतो, आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवण दोषांवर काम करणारी संस्था आहे, तिथे चौकशी करा, दिल्लीत २०१५ पासून आयएसएलआरटीसी हे इंडियन साइन लँग्वेजचं संशोधन आणि ट्रेनिंग सेंटर आहे. मात्र तो डिप्लोमा घेऊन इथे व्हिडिओ रिले करू असं मनात असेल तर परत पहिल्यापासून शिकायची तयारी ठेवा, दोन्ही भाषा पूर्ण वेगळ्या आहेत, बोटांनी एबीसीडी काढायची पद्धतसुद्धा तिकडे दोन हातांची आणि इकडे एका हाताची.