छळ कळल्यावर मोबाइल काढून घेऊ नका : पालक आणि वर्गशिक्षकांसाठी

हायस्कूलमधलं मूल छळाबद्दल घरी बोलत नाही, कारण सांगितलं की मोबाइल जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे फोनला हात न लावणं. पुरावा त्याच फोनमध्ये असतो, आणि जे दोन-चार मित्र अजून बाजूने आहेत तेही तिथेच असतात. फोन हिसकावला की छळणाऱ्याला काहीच होत नाही, शिक्षा मात्र सोसणाऱ्याला होते. पुढच्या वेळी ते मूल सांगणार नाही.

चिडवाचिडवी आणि छळ यात फरक करायला मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांच्या तीन खुणा आजही उपयोगी पडतात : मुद्दाम केलेला त्रास, तो पुन्हा पुन्हा होणं, आणि दोघांच्या ताकदीतली तफावत. बरोबरीच्या दोन मुलांचं जुंपलेलं भांडण यात बसत नाही. ऑनलाइन मात्र या खुणा जरा वेगळ्या वाचाव्या लागतात. फोटो एकदाच टाकला, पण वर्गभर फिरला, तर ती पुनरावृत्तीच झाली. ताकद दंडात नसते. ती फेक अकाउंटच्या आडोशात असते, ग्रुपच्या संख्येत असते, किंवा कुणाकडे तरी असलेल्या खासगी फोटोत असते.

ऑनलाइन छळणारं कुणी लांबचं, अनोळखी असेल असं समजू नका. बऱ्याचदा ते वर्गातलंच असतं, आणि जे स्क्रीनवर चालतं तेच जिन्यात, स्वच्छतागृहात, बसच्या मागच्या सीटवर चालू असतं. म्हणून फोनइतकीच मधल्या सुट्टीची चौकशी करा. ‘डबा कुणाबरोबर खातोस?’ या साध्या प्रश्नाला येणारं उत्तर पुष्कळ सांगून जातं. मुद्दाम वाळीत टाकणं, खेळायला न घेणं हाही छळच. त्याचा वळ उठत नाही, म्हणून तो मोठ्यांच्या नजरेतून सुटतो.

बोलताना समोर बसवून उलटतपासणी नको. चालता चालता किंवा काही काम करता करता बोललेलं मुलांना सोपं जातं. ‘तू काय केलं होतंस?’ आणि ‘दुर्लक्ष कर’ ही दोन वाक्यं टाळा; पहिलं दोष देतं, दुसरं दार बंद करतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. पुढचं तुला विचारूनच करू,’ एवढं पुरतं. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येत नाही.

मग पुरावा. क्रम चुकला की सगळं बिघडतं : आधी जतन, मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक. आधीच ब्लॉक केलं तर समोरच्याचं प्रोफाइल आणि पोस्ट दिसेनाशा होऊ शकतात.

१. स्क्रीनशॉटमध्ये युजरनेम, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसत्या शिवीचा कापलेला तुकडा कामाचा नाही. वरचे-खालचे चार मेसेजही घ्या, नाहीतर ‘आधी त्यानेच सुरुवात केली’ हा वाद उभा राहतो.
२. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. दिसणारं नाव क्षणात बदलता येतं.
३. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाच पाहता येणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट घेताच येत नाही. अशा वेळी दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा.
४. एका वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं आणि त्याचा परिणाम (शाळा बुडाली, जेवण सुटलं) असं लिहा. शिव्या जशाच्या तशा लिहा. ‘घाणेरडं बोलला’ असं लिहिलं की तक्रारीचा दम जातो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अल्पवयीन मुलाचा नग्न किंवा लैंगिक फोटो असेल तर त्याची प्रत काढू नका, पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका. अनेक देशांत असा फोटो नुसता जवळ असणंही गुन्हा ठरतो. लिंक, अकाउंट आणि वेळ लिहून घ्या आणि पोलिसांकडे जा. फोटो पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. ती फोटोचा फक्त डिजिटल ठसा (फोटो ओळखता यावा म्हणून बनवलेला सांकेतिक आकडा) घेते, फोटो फोनबाहेर जात नाही.

ब्लॉक केल्यावर वर्गात आणखी डिवचतील अशी भीती असेल तर इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ वापरा. त्या व्यक्तीची कमेंट इतरांना दिसत नाही, आणि आपल्याला रिस्ट्रिक्ट केलंय हे तिला कळवलंही जात नाही. उत्तरादाखल शिवी देणं टाळाच. तुमच्या मुलाची ती एक ओळ उद्या सगळ्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये असेल.

शाळेत तोंडी तक्रार विरून जाते, म्हणून लेखी द्या. त्यात तीन गोष्टी मागा : चौकशी कोण करणार, कधीपर्यंत, आणि तोवर मुलाच्या सुरक्षिततेसाठी काय करणार. शाळेकडून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं. ताकद असमान असताना तिथे समेट होत नाही. घाबरलेलं मूल मान डोलावतं आणि गेटबाहेर त्याची किंमत मोजतं. आधी पीडित मुलाशी बोला, मग छळणाऱ्यांशी एकेकट्याने, एकामागोमाग, म्हणजे त्यांना आपापसात गोष्ट जुळवायला वेळ मिळणार नाही. शाळेतला छळ रोखण्यासाठीच्या फिनलंडच्या ‘किवा’ कार्यक्रमात आणखी एक गोष्ट करतात : वर्गात वजन असलेल्या दोन ते चार चांगल्या मुलांना शिक्षक बोलावतात आणि पीडित मुलाला साथ द्यायला सांगतात. कॅनडात शाळेच्या मैदानावर केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात, सोबत्यांनी मध्ये पडण्याच्या निम्म्याहून अधिक प्रयत्नांत छळ १० सेकंदांत थांबला होता. बघ्यांची भूमिका किती मोठी असते ते यावरून कळावं. एका आठवड्याने आणि मग महिन्याने पुन्हा विचारा, कारण थांबलेला छळ अनेकदा अधिक लपून सुरू होतो.

मनावरचा परिणाम बऱ्याचदा शरीरातून दिसतो. शाळेच्या दिवशी पोट दुखतं, सुट्टीला दुखत नाही. झोप मोडते, मार्क घसरतात, मेसेज आला की चेहरा उतरतो. असं दोन आठवडे टिकलं तर समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. मरणाची भाषा, ‘मी ओझं आहे’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं दिसलं तर वाट पाहू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत असं बघा आणि लगेच आपत्कालीन मदत घ्या.

आणि छळणारं मूल तुमचंच निघालं तर? मारून उपयोग नाही, पण ‘मुलं आहेत, चालायचंच’ हेही नाही. तेच मूल दुसरीकडे मार खात नाही ना, ते बघा. छळणारी आणि सोसणारी अशी दोन्ही असलेली मुलं मनाने सगळ्यात जास्त खचलेली आढळतात. पोस्ट त्याला स्वतःच्या हाताने काढायला लावा, पण शाळेकडे तिची नोंद झाल्यानंतरच.