या चुका टाळा: खगोल आणि अवकाश हवामानात रिसर्चला सुरुवात करताना

डिसेंबर-जानेवारी आला की बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांचे मेल सुरू होतात, आणि बहुतेक सगळे एकाच साच्यातले. मला ब्लॅक होलची प्रचंड आवड आहे, तुमच्याकडे समर प्रोजेक्ट मिळेल का? समोरचा माणूस सौर वाऱ्यावर, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतावर, काम करतो हे त्याच्या पेजवर पहिल्याच ओळीत लिहिलंय, ते वाचायला दोन मिनिटं लागतात, तरी कोणी वाचत नाही, आणि तोच मेल आणखी तीस जणांना गेलेला असतो हे मजकुरावरूनच कळतं. असा मेल मी उत्तर न देता बंद करतो.

मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच सांगतो. ज्यांना मेल करायचाय त्यांचा एक पेपर घ्या, त्यातला एक ग्राफ फुकट मिळणाऱ्या डेटावरून स्वतः काढा आणि जोडून पाठवा, खाली चार ओळी लिहा. ग्राफ जुळला नाही तरी पाठवा, कुठे अडलात ते लिहा. डेटासाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही. नासाच्या ओम्नीवेबवर सौर वारा आहे, जपानच्या क्योटो विद्यापीठाकडे डीएसटी इंडेक्स (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा आकडा) आहे, आदित्य-एल1 चा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर आहे.

आता माझ्या सगळ्यात डोक्यात जाणाऱ्या चुकीकडे येतो, फिल व्हॅल्यू, म्हणजे मोजमाप नसेल तिथे फाईलमध्ये भरलेला नकली आकडा. एक हुशार मुलगा मे 2024 च्या भूचुंबकीय वादळावर (सूर्यावरच्या स्फोटांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठलेल्या खळबळीवर) काम करत होता. त्याने एका दिवसाचा सौर वाऱ्याचा सरासरी वेग काढला, आला सेकंदाला 1900 किलोमीटरच्या आसपास. एरवी हा वारा 300 ते 800 च्या घरात असतो, पण याने बसून त्यावर कारणमीमांसाही लिहून काढली, पानंच्या पानं. फाईल उघडून बघितली तर मोजमाप नसलेल्या मिनिटांसमोर 99999.9 लिहिलेलं, आणि कोडने ते खरा वेग समजून सरासरीत घेतलेलं. दिवसाच्या 1440 मिनिटांत अशी 20 मिनिटं असली तरी 500 ची सरासरी 1900 च्या जवळ जाते! कोड कुठूनतरी उचललेला, एरर एकही नाही, म्हणून याला वाटलं सगळं बरोबर आहे.

मी कुठलीही फाईल घेतली की आधी प्रत्येक कॉलमचा मिनिमम-मॅक्सिमम बघतो आणि कच्चा प्लॉट काढतो, मग पुढचं. ओम्नीच्या एक मिनिटाच्या फाईलमध्ये वेगाला 99999.9 असतं, बीझेडला (सौर वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण घटकाला) 9999.99, तासाच्या फाईलमध्ये आकडे परत वेगळे, त्यामुळे फॉरमॅटची फाईल वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि रिकाम्या जागा सरळ रेषेने जोडून मोकळं होऊ नका, कारण डेटा नेमका वादळाच्या ऐन भरातच जातो. ऑक्टोबर 2003 च्या हॅलोवीन वादळात नासाच्या एस (ACE) यानाचं सौर वारा मोजणारं उपकरण असंच गडबडलं होतं. तिथे इंटरपोलेशन केलं की जे शोधायचंय तेच पुसलं जातं.

दुसरी कायमची चूक वेळेची. 10 मे 2024 ला वादळाचा धक्का पृथ्वीवर जाणवला 17:05 यूटीला (जागतिक वेळ), म्हणजे आपल्याकडे रात्री 10:35. एक फाईल आयएसटीत, दुसरी यूटीत ठेवून ग्राफ एकावर एक चढवले की साडेपाच तासांचा "शोध" लागतो. ओम्नीचा एक मिनिटाचा डेटा तर आधीच बो शॉकपर्यंत (पृथ्वीच्या चुंबकीय कवचासमोर सौर वारा अडतो ती सीमा) सरकवलेला असतो, तरी मुलं एल1 पासूनचा (पृथ्वीच्या पुढे सूर्याच्या बाजूला यानं जिथून मोजतात तो बिंदू) उशीर त्यात परत जोडतात.

बीझेड जीएसई की जीएसएम, यातल्या कुठल्या अक्षपद्धतीत घेतलंय ते लिहा. डीएसटी प्रोव्हिजनल आहे की फायनल, तेही.

अर्जांचं म्हणाल तर पुण्यातल्या खगोल संस्थांपैकी आयुकाचा व्हेकेशन प्रोग्रॅम, एनसीआरए-टीआयएफआरचा व्हीएसआरपी (विद्यार्थ्यांसाठीचा सुट्टीतला रिसर्च प्रोग्रॅम), तसंच विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप, या सगळ्यांच्या जाहिराती त्यांच्या स्वतःच्या साईटवर वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका. रेकमेंडेशन लेटर शेवटच्या रात्री मागू नका, सरांना दोन आठवडे तरी द्या.

आणि पैसे घेऊन आठवड्याभरात "स्पेस रिसर्च"चं सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या नादी लागू नका, घरच्यांचे पैसे जातात म्हणून तळमळीने सांगतोय. निवड करताना आम्ही ते बघतही नाही, आम्ही विचारतो की हा ग्राफ तू काढलास का, आणि इथे ही रेघ अचानक खाली का गेली.