मालवणात मासे खायला रांगेत उभे राहताय? या चुका टाळा

आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. त्यामुळे दुपारी चारला उपाशी आणि चिडून परतणारे पाहुणे मी दर डिसेंबरात बघतो. मासे वाईट नसतात, चूक यांचीच असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खानावळीच्या वहीत नाव घालायचं आणि फिरायला निघून जायचं. 'पाऊण तास आहे ना, तेवढ्यात किल्ला बघून येऊ.' अहो, होडीवाला सिंधुदुर्गावर तासभर देतो, शिवाय गेलेल्या होडीनेच परत यायचं, वर धक्क्यावरची रांग वेगळीच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. साडूचं कुटुंब पुण्याहून आलं होतं, सात माणसं. मीच वहीत 'परब' असं लिहिलं आणि सगळ्यांना घेऊन किल्ल्यावर गेलो. अडीचला परत येतो तर आमच्या नावावर काट. गल्ल्यावरच्या काकी मान वर न करता म्हणाल्या, "खंय गेल्लात? तीनदा हाक मारलंय." वही बघितली तर त्या पानावर चार परब! एका हाकेला दुसरेच परब उठून बसले होते. मग पुन्हा तळाला नाव. जेवायला बसलो तेव्हा पावणेचार वाजले होते, सुरमई संपली होती आणि साडूची धाकटी मुलगी बिस्किटाचा पुडा संपवून झोपली होती. साडू अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतो.

तेव्हापासून मी बाराच्या आत नाव घालतो, नुसतं 'परब' न लिहिता 'परब, हिरवी टोपी' लिहितो आणि एक माणूस दारातच बसवतो. बहुतेक वेळा मीच बसतो, टोपी माझीच असते. आणि सात जणांना एकच टेबल हवं हा हट्ट सोडा. चार-तीन बसलात तर आधी ताट मिळतं.

दुसरी चूक म्हणजे बसल्या बसल्या 'लवकर द्या, लवकर द्या' सुरू करणं. रव्यातली तुकडी मंद आचेवर तव्यावर सुटायला वेळ घेते आणि तव्यावर मावतात तेवढ्याच तुकड्या मावतात. घाई केलीत की आच मोठी होते. मग रवा करपतो आणि जाड सुरमई काट्याजवळ गुलाबी, कच्ची राहते. तुकडी मोडून बघा, मांस काट्यापासून आपसूक सुटलं नाही तर परत द्या, लाजू नका. मी रांगेत असतानाच आत डोकावून आज काय आलंय ते विचारतो आणि भाजायला जास्त वेळ लागणारं आधी सांगून ठेवतो. घाईच असेल तर बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण मागवा, त्यात तिरफळं (मसाल्याची सुगंधी फळं) घातलेली असतील तर आणखी छान. पण नाही, सगळ्यांना पापलेटच पाहिजे! मुडदुशी किंवा सौंदाळे असे इथले मासे विचारणारा पाहुणा भेटला की मी त्याला खोलीच्या भाड्यात सूट द्यायच्या बेतात येतो.

'बाजारभावाप्रमाणे' लिहिलेल्या माशाचा भाव आधी विचारा. मासा बघून, बोट ठेवून विचारा. नंतर बिलावर भांडू नका.

वाट बघताना सोलकढीचे तीन-तीन ग्लास रिचवू नका, मग भाताला जागा उरत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा येऊन 'ताजी सुरमई आहे का' विचारलंत तर मिळेल ती बहुधा बर्फातली. त्या दिवसांत खाडीचं काय आहे ते विचारा.

आणि रांगच नको असेल तर सोमवारी किंवा संकष्टीला या. निम्मं गाव त्या दिवशी मासे खात नाही. मी खातो, पण आमच्या सौ.ला सांगू नका.