यॉटवर तांडेल-खलाशी ठेवलेत? मग त्यांचा विमा असा काढा

यॉटचा विमा वेगळा आणि यॉटवरच्या माणसांचा वेगळा. पहिला काढला की दुसरा त्यातच आला, अशा समजुतीत राहणारे मालक कमी नाहीत. मुंबई, मांडवा, गोवा या पट्ट्यात यॉट ठेवून तांडेल (बोट चालवणारा प्रमुख), इंजिन ड्रायव्हर, खलाशी पगारावर ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी कपाटातली पॉलिसी काढा

यॉटच्या पॉलिसीला पुष्कळदा 'इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस' हा 1985 चा लंडनचा मसुदा जोडलेला असतो. तुमच्या बोटीने दुसऱ्या बोटीला धडक दिली, जेट्टीचं नुकसान केलं, पाहुण्याला इजा झाली, तर ती जबाबदारी त्यात येते. पण त्यालाच लागून वगळलेल्या गोष्टींची यादी आहे आणि मालकाने नोकरीवर ठेवलेली माणसं त्या यादीत आहेत. अपघात असो वा आजारपण, हुद्दा कुठलाही असो. म्हणजे मुरिंगवर (पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी) डिंगीतून (यॉटवर ये-जा करायच्या छोट्या होडीतून) यॉटवर चढताना पाहुण्याचा पाय सापडून मोडला, तर विमा कंपनी पाठीशी उभी राहते. त्याच क्षणी दोर धरून उभ्या असलेल्या खलाशाची बोटं डिंगी आणि यॉटच्या मध्ये चेंगरली, तर खर्च तुमच्या खिशातून.

वाचता वाचता आणखी दोन गोष्टी बघून घ्या. याच मसुद्यात डिंगीवर यॉटचं नाव कायमचं रंगवलेलं नसेल तर डिंगीची भरपाई मिळत नाही. बोटीचा आराखड्यातला कमाल वेग 17 नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर असेल तर स्पीडबोटीचं वेगळं कलम लागतं.

माणसांची यादी आणि खरा पगार

सगळा घोळ इथे होतो, म्हणून यावर वेळ घालवा.

कामावर असताना माणूस दगावला तर भरपाईचं सूत्र कायद्यात ठरलेलं आहे: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. पूर्वी हे 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात होतं, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. 30 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाचा गुणांक 207.98. पगार 15,000 धरला, तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी 60 टक्के. हिशेबात किती पगार धरायचा याला सरकारने घातलेली मर्यादा असते. 2020 मध्ये ती 15,000 केली होती. पॉलिसी घेताना चालू मर्यादा विचारा.

आता मालक करतात काय? हप्ता पगारावर ठरतो, म्हणून 15,000 ऐवजी कागदावर 8,000 दाखवतात आणि बाकीचे रोख देतात. त्या आकड्यावर रक्कम होते 8,31,920. पण भरपाई ठरते ती खऱ्या पगारावर, आणि बँकेच्या नोंदी, सहकारी खलाशांची साक्ष यातून तो बाहेर येतोच. वरचे 7,27,930 कोण भरणार? हप्त्यात वाचवलेल्या चार पैशांसाठी हा जुगार मला तरी वेडेपणा वाटतो.

म्हणून प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, काम, पगार आणि सक्षमता प्रमाणपत्राची मुदत एका तक्त्यात लिहा आणि पगार बँकेतून द्या. शनिवार-रविवारपुरता बोलावलेला जादा खलाशीही यादीत हवा. माणसं ठेकेदाराकडून घेतली असतील तर त्याची पॉलिसी मागून घ्या; कामगार भरपाईसाठी थेट मुख्य मालकाला धरू शकतो. ठेकेदाराकडून वसुली हा पुढचा, तुमचा त्रास.

मग पॉलिसी निवडा

मुख्य पॉलिसी कर्मचारी नुकसानभरपाईची. एजंटला सांगा, 'बोटीवरचे कर्मचारी' असं कामाचं स्वरूप स्पष्ट लिहा; 'घरगुती नोकर' किंवा 'ऑफिस स्टाफ' चालणार नाही. रात्री राखणीला बोटीवर झोपणारा माणूस आणि डिंगीतला प्रवास, दोन्ही धरलेत ना, हे लेखी घ्या. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडेच येतो, पण पॉलिसीत तो बरेचदा वेगळा जोडून घ्यावा लागतो आणि त्यालाही मर्यादा असते.

गट अपघात विमा जोडीला घ्या, चांगलाच आहे. मात्र तो काढला म्हणून कायद्याची जबाबदारी सुटत नाही.

अटी पाळा

सागरी विमा कायदा 1963 प्रमाणे यॉटच्या पॉलिसीतली वॉरंटी, म्हणजे पाळायचं वचन दिलेली अट, तंतोतंत पाळावी लागते. मोडली तर त्या दिवसापासून कंपनी मोकळी होऊ शकते. खाजगी वापराची बोट एकदाही भाड्याने दिली, पावसाळ्यात वर काढून ठेवायची अट असताना जूनमध्ये पाण्यात ठेवली, किंवा ठरलेल्या हद्दीबाहेर गोव्याला नेली, तर आधी कंपनीकडून लेखी मंजुरी हवी.

अपघात झालाच तर

त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा, फोटो आणि हजेरीची नोंद जपून ठेवा. कबुलीजबाब लिहून देऊ नका. रक्कम देय झाल्यावर महिन्यात भरली नाही तर व्याज लागतं, वर दंडही होऊ शकतो. आणि दंड विमा कंपनी सहसा उचलत नाही. माणूस गेला असेल तर भरपाई सक्षम प्राधिकरणाकडे जमा करायची. गावी जाऊन कुटुंबाच्या हातात लाखभर ठेवलेत, तर ती माणुसकी झाली; कायद्याच्या हिशेबात तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची आगाऊ रक्कम तेवढी वजा होते, बाकीची भरपाई म्हणून धरली जात नाही.